वायरमन मंडळींना खुले पत्र: बोर्ड उघडा, आकडे लिहून द्या

प्रति,
घरांचे वायरिंग करणारे, दुरुस्त करणारे आणि तपासणारे सर्व वायरमन, इलेक्ट्रिशियन व विद्युत ठेकेदार यांस,

विषय: जुन्या घरांच्या वायरिंगची तपासणी प्रत्यक्ष मोजमाप घेऊन करण्याबाबत व तिचा लेखी अहवाल देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या व्यवसायातला नाही. जुन्या घरात राहणारा एक गृहस्थ आहे आणि घराच्या वायरिंगची काळजी वाटू लागल्यापासून तीन वेळा तीन वेगवेगळ्या जाणकारांकडून मी ते तपासून घेतले आहे. तिन्ही वेळा तपासणीची रीत एकच होती. दिवे लावून पाहिले, पंखे फिरवून पाहिले, दोन-चार सॉकेटमध्ये टेस्टर घालून पाहिला, मेन स्विचच्या पेटीवर हात फिरवला आणि ‘लाइन एकदम व्यवस्थित आहे, काही काळजी करू नका’ असे सांगून पंधरा मिनिटांत काम उरकले. एकाही बोर्डाचा स्क्रू सैल झाला नाही आणि एकही आकडा कागदावर उतरला नाही. ही माणसे लबाड होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांना तपासणी म्हणजे एवढेच ठाऊक होते आणि मलाही तेवढेच ठाऊक होते. आता थोडे अधिक कळले आहे, म्हणून हे पत्र.

कळण्याचे निमित्त झाले ते गीझरच्या सॉकेटचे. त्या सॉकेटचा एक डोळा तपकिरी पडला, प्लगची पिन काळवंडली, तेव्हा सॉकेट बदलले. काही महिन्यांनी नवे सॉकेटही तसेच झाले. ते बदलले, आणि तिसरेही गेले. दर वेळी ‘हल्ली मालच हलका येतो’ हे कारण ऐकले आणि ते पटलेही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ती गत होती, हे चौथ्या माणसाने दाखवले. त्याने नवे सॉकेट आणलेच नव्हते. त्याने आधी विचारले, ‘गीझर चालू केला की याच बोर्डावरचा दिवा मंद होतो का?’ होत होता. आम्हाला त्याची सवय झाली होती.

मग त्याने गीझर बंद असताना बोर्डाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजले: २३२. दोन हजार वॅटचा गीझर चालू करून पुन्हा मोजले: २१९. त्याच स्थितीत मेन बोर्डावर मोजले तेव्हा तिथे २३१ होते. म्हणजे बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यात फक्त १ व्होल्ट पडत होता आणि उरलेले १२ व्होल्ट घरातल्या घरात कुठेतरी खर्च होत होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध हजार मीटरला सुमारे १२ ओहम असतो. मेन बोर्डापासून त्या सॉकेटपर्यंत जाऊन-येऊन तीस मीटर तार धरली, तर सव्वाआठ अँपिअरला ३ व्होल्टची घट समजण्यासारखी आहे. बाकीच्या ९ व्होल्टचा हिशेब तारेत लागत नव्हता. नऊ गुणिले सव्वाआठ म्हणजे साधारण ७५ वॅट. पूर्वी आपण ज्या पिवळ्या उजेडाच्या बल्बला हात लावू शकत नव्हतो, तेवढी उष्णता भिंतीत कुठेतरी एका जागी तयार होत होती.

ती जागा सॉकेटच्या मागे चार बोटांवर सापडली. मूळ वायर आखूड पडली म्हणून कुणीतरी पूर्वी तिला दुसऱ्या वायरचा तुकडा पीळ देऊन जोडला होता, वर टेप गुंडाळली होती आणि तो जॉइंट पाइपच्या तोंडात आत ढकलून दिला होता. आधी सॉकेट बदलणाऱ्यांपैकी कुणीही वायर बाहेर ओढून पाहिली नव्हती. आता ती ओढल्यावर टेप कोळशासारखी कडक होऊन तुकड्यांनी गळून पडली. आतले तांबे काळे झाले होते आणि पीळ बोटांनी हलत होता. त्या काळ्या पिळाचा तुकडा मी जपून ठेवला आहे.

या सगळ्यात एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, एकदाही पडला नाही, आणि त्याची चूकही नव्हती. एमसीबीला कळतो तो फक्त प्रवाह. सैल जॉइंटमधून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच असतो, किंबहुना किंचित कमीच. उष्णता वाढते ती त्या एका जागच्या रोधामुळे, आणि प्रवाह दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते. तांब्यावर चढलेल्या ऑक्साइडचा थर त्यात भर घालतो. तापले की जॉइंट आणखी खराब होतो, आणि खराब झाला की आणखी तापतो. ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. तरीही ‘एमसीबी बसवला आहे ना, मग झाले’ हे वाक्य मी आपल्याच व्यवसायातल्या लोकांकडून सर्वाधिक वेळा ऐकले आहे. शिवाय अधिक प्रवाहाच्या बाबतीतही एमसीबी वाटतो तितका काटेकोर नसतो. मानकाप्रमाणे तो दीडपटीच्या जरा अलीकडे, म्हणजे १.४५ पट प्रवाहाला, एका तासाच्या आत पडला तरी चालतो. १६ अँपिअरचा एमसीबी २३ अँपिअर प्रवाह बराच वेळ सोसू शकतो. चांगल्या वायरीला ते चालून जाते. चाळीस वर्षे भिंतीत पिकलेल्या वायरीचे काय?

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, जुन्या घराच्या तपासणीत टेस्टर पेटला यावर निर्णय देऊ नये. टेस्टरचा निऑन दिवा इतक्या नगण्य प्रवाहावर पेटतो की, दहा पदरांपैकी नऊ तुटलेली वायरही त्याला पुरते. साधा मल्टिमीटरही इन्सुलेशनच्या बाबतीत दिशाभूल करतो, कारण तो आतल्या छोट्या बॅटरीच्या काही व्होल्टवर रोध मोजतो, तर वायरीच्या आवरणाला सोसायचे असतात २३० व्होल्ट आणि त्यावरचे क्षणिक धक्के. यासाठी मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, आहे. पुरवठा बंद करून ५०० व्होल्ट डीसीवर फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ आणि शक्य तिथे फेज ते न्यूट्रल असे मोजले, की वायरीच्या पोटातले कळते. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ च्या सहाव्या भागात अशा घरगुती सर्किटसाठी किमान १ मेगाओहम अपेक्षित आहे. धडधाकट वायरिंग त्याच्या कितीतरी पट वाचन देते. १ च्या आसपास रेंगाळणारा आकडा म्हणजे काठावर पास झालेला विद्यार्थी आहे, हे घरमालकाला स्पष्ट सांगावे.

माझ्या घरातल्या एका खोलीच्या सर्किटचे वाचन ०.२ मेगाओहम आले. दिवे त्या खोलीतही छान लागत होते. ओल धरणाऱ्या भिंतीत हे वाचन हवामानाप्रमाणे खाली-वर होते, म्हणून त्या चौथ्या माणसाने आकड्याशेजारी तारीख आणि ‘भिंत दमट’ असे दोन शब्द लिहिले. मला ते दोन शब्द फार मोलाचे वाटतात. मेगर लावण्यापूर्वी त्याने सगळे एलईडी दिवे, टीव्ही, रेग्युलेटर आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचे क्षणिक धक्के अडवणारे साधन) काढायला लावले. ५०० व्होल्टने नाजूक उपकरणे बिघडू शकतात आणि ती जोडलेली राहिली तर आकडाही खोटा येतो. या तयारीला वेळ लागतो. कदाचित त्यामुळेच पुष्कळांचा मेगर पेटीतच राहतो.

दुसरी विनंती बोर्ड उघडण्याची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे स्विचबोर्डालाही लागू आहे. सर्व बोर्ड उघडणे शक्य नसेल तर जिथे लोड जास्त आहे ते, सर्वांत जुने आणि ओलीजवळचे तरी उघडावेत. उघडल्यावर आपल्याला जे दिसते ते आम्हाला दाखवावे, कारण आम्ही ते जन्मात पाहिलेले नसते. जुन्या रबरी आवरणाची वायर जरा वाकवली की आवरणाला तडे जातात आणि त्याचा चुरा बोटांवर येतो; वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने रबराचा जीव गेलेला असतो. अशी वायर भिंतीत आहे तोवर निमूट असते आणि बोर्ड बदलताना हलवली की उघडी पडते. येथे एक गमतीचा मुद्दा. त्या जुन्या वायरीतली तार रुपेरी दिसते, म्हणून माझ्या घरी एकाने ती ॲल्युमिनियमची ठरवली होती. ती कल्हई केलेल्या तांब्याची निघाली. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालत आणि ते गंधक तांब्याला खाते, म्हणून तांब्यावर कथिलाचा थर देत असत. पात्याने जरा खरवडले की लाल रंग दिसतो.

खरोखरीचे ॲल्युमिनियम निघाले तर मात्र प्रश्न वेगळा आहे. ते तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, स्क्रूखाली दाबले गेले की हळूहळू सरकते आणि त्याच्यावर ऑक्साइडचा न वाहणारा थर लगेच धरतो. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या सुमारास तांबे महाग झाल्यामुळे असंख्य घरांत ॲल्युमिनियमची वायर घातली गेली आणि तिच्या जोडांनी लोकांना पुढे अनेक वर्षे छळले. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना पीळ देऊन जोडलेले आढळले, तर तेवढ्यासाठी त्याच दिवशी सर्किट बंद ठेवायला सांगावे. आम्ही कुरकुर केली तरी.

पीव्हीसीची वायर म्हणजे नवी आणि निर्धोक, हाही एक समज आहे. साधे पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्यापुढे ते आधी मऊ पडते आणि मग त्याला लवचिक ठेवणारा पदार्थ निघून जाऊन ते ठिसूळ होते. काही जुन्या पीव्हीसी वायरींच्या टोकांतून हिरवा चिकट द्राव झिरपताना दिसतो. तो लवचिकपणासाठी घातलेल्या पदार्थाचा तांब्याशी झालेल्या संयोगाचा प्रकार असतो. थर्मोकोलला चिकटून गेलेली पीव्हीसी वायरही हा लवचिक ठेवणारा पदार्थ थर्मोकोलमध्ये निघून गेल्याने कडक होते, आणि छताच्या वर थर्मोकोल घालण्याची हौस पुष्कळांना असते.

तिसरी गोष्ट लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण ती चुकीने घडत नाही. माझ्या घरातल्या दोन सॉकेटमध्ये अर्थची पिन आतल्या आत वायरच्या छोट्या तुकड्याने न्यूट्रलला जोडलेली निघाली. तपासणाऱ्याने टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला की तो झगझगीत पेटतो, घरमालक खूश होतो आणि अर्थिंग असल्याचे प्रमाणपत्र तोंडी मिळते. प्रत्यक्षात त्या सॉकेटला अर्थची वायर आलेलीच नव्हती. न्यूट्रल मागे कुठेही सुटला, की उपकरणातून आलेला फेज त्या तुकड्यातून थेट धातूच्या अंगावर उतरतो. वॉशिंग मशीनला हात लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत अर्थिंग अजिबात नसण्यापेक्षाही हे वाईट आहे. असा तुकडा टाकणाऱ्याला आपण कुणीही कारागीर म्हणू नये, आणि दुसऱ्याने टाकलेला सापडला तर ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून बोर्ड पुन्हा बंद करू नये, अशी हात जोडून विनंती आहे.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, याविषयी थोडेच लिहितो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जुन्या घरात बसवणे हे कमी खर्चात जीव वाचवणारे काम आहे यात वाद नाही. पण तो बसवल्यावर सारखा पडू लागला, की तो काढून टाकणे किंवा संशयित सर्किटच त्याला वळसा घालून नेणे, असे ‘उपाय’ होतात. तो पडतो म्हणजे तो आपल्याला तक्रार सांगत असतो: कुठे तरी प्रवाह गळतो आहे, किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. ती तक्रार शोधण्याचे पैसे वेगळे घ्यावेत, जरूर घ्यावेत. पण ती ऐकणारा कान कापू नये. आणि आरसीसीबीलाही माझ्या गीझरचा तो जॉइंट कळला नसता, कारण तिथून काहीच गळत नव्हते, हेही घरमालकाला सांगावे.

लोडचे गणित तर रोजचेच आहे. ज्या काळी ही घरे बांधली, त्या काळी वायरमन दिवे, पंखे आणि एखादी इस्त्री डोळ्यांसमोर ठेवून वायर ओढत असे. जुन्या बोलीतली ३/२२ ची वायर म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, मिळून जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर तांबे. आज तिच्यावर रात्रभर एसी चालतो आणि कुठे कुठे गाडीही चार्ज होते. किटली चार मिनिटांत बंद होते, त्यामुळे तारेला निवायला वेळ मिळतो. सहा-सहा तास सलग चालणारे लोड तो वेळ देत नाही. अशा घरात फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार भरणे किंवा १६ च्या जागी २५ चा एमसीबी लावणे, म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे होय. आम्ही तसे करायला सांगतो हे मला मान्य आहे. अशा वेळी नाही म्हणावे.

किंबहुना दोष एकट्या आपल्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. घराला रंग देताना आम्ही छटेवर आठवडाभर चर्चा करतो आणि त्याच भिंतीतली वायर बदलायची का, हे कुणी विचारत नाही. झुंबर टांगण्याची मजुरी आम्ही आनंदाने देतो, पण ‘चार तास मेगर लावून बसलो’ याचे पैसे मागितले की ‘केले काय तुम्ही, सगळे तर आधीपासून चालूच होते’ असे आम्हीच म्हणतो. जिथे काम दिसत नाही तिथे दाम द्यायला आमचा हात आखडतो, आणि त्यामुळे नीट तपासणारा माणूस हळूहळू नीट तपासणे सोडून देतो.

घरमालकाने स्वतः बोर्ड उघडू नयेत, पण डोळे, नाक आणि तळहात वापरायला हरकत नाही, हेही आपण जाता जाता सांगावे. स्विचची पट्टी कोमट लागणे, बोर्डातून बारीक तडतड ऐकू येणे, दिवे सर्वच एकदम मंद-तेज होणे, कारण नसताना मासळीसारखा वास येणे, नळाला किंवा फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या येणे, यांपैकी काहीही झाले तर मेन बंद करून आपल्याला बोलवावे. मासळीच्या वासावर लोक हसतात. काही जातींचे स्विच-सॉकेटचे प्लास्टिक तापले की तसाच वास येतो, आणि स्वयंपाकघरात मासळी नसताना तो आला तर हसण्यासारखे काही नसते.

आता मुख्य मागणी, लेखी अहवालाची. जगात हे नवीन नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या घराचे वायरिंग जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासून त्याचा अहवाल भाडेकरूला द्यावा लागतो. फ्रान्समध्ये पंधरा वर्षांहून जुने वायरिंग असलेले घर विकताना त्याच्या स्थितीचा अहवाल जोडावा लागतो. ब्रिटिश अहवालात प्रत्येक दोषाला एक दर्जा देतात: सी-१ म्हणजे धोका आत्ता हजर आहे, सी-२ म्हणजे धोका संभवतो, सी-३ म्हणजे सुधारणा केलेली बरी. त्यात एक चौथा शेराही असतो, ज्याचा अर्थ ‘याचा आणखी शोध घ्यायला हवा’ असा आहे. मला हा चौथा शेरा सर्वांत आवडतो. भिंतीत गाडलेला जॉइंटबॉक्स दिसला नाही, माळ्यावर जाता आले नाही, एका सर्किटचा उगम सापडला नाही, असे लिहून देणारा माणूस मला ‘सगळे ठीक’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

असा अहवाल छापील असायलाच हवा असे नाही. वहीच्या एका पानावर सर्किटचे नाव, वायरीची जाडी आणि जात, एमसीबीचा आकडा, इन्सुलेशनचे वाचन, अर्थच्या वायरीचा सलगपणा, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला, कोणते बोर्ड उघडले आणि कोणते उघडले नाहीत, एवढे आले तरी पुरे. खाली सही आणि तारीख. पुढच्या खेपेला आपण नसाल, दुसरे कुणी असेल. पण गेल्या वेळी ४० मेगाओहम असलेले सर्किट या वेळी ३ वर आले आहे, हे त्याला त्या पानावरून कळेल. एकट्या वाचनापेक्षा दोन वाचनांमधली घसरण जास्त बोलते.

आमच्या बाजूने काय करता येईल, तेही लिहितो. आपण येणार त्या दिवशी कपाटे बोर्डांपासून हाताभर पुढे ओढलेली असतील, उपकरणांचे प्लग काढलेले असतील, दिवे होल्डरमधून उतरवलेले असतील आणि अर्धा दिवस वीज नसेल याची घरातल्यांना कल्पना दिलेली असेल. मोजणीच्या वेळेची मजुरी मी आधी ठरवेन आणि दोष काही निघाला नाही तरी ती पूर्ण देईन. माझ्या मेन बोर्डाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर त्या चौथ्या माणसाने लिहिलेली सात सर्किटची वाचने आहेत; ०.२ च्या भोवती लाल वर्तुळ आहे आणि त्यापुढे वायर बदलल्यानंतरचे नवे वाचन आहे. शेजारचा रकाना मी पट्टीने आखून रिकामा ठेवला आहे. तो आपल्यापैकी कुणीतरी भरावा.

कळावे,

आपला नम्र,
जुन्या घरात राहणारा एक गृहस्थ